आधी शी बघा, मग शू : मुलांना लघवीचं इन्फेक्शन परत परत होतं तेव्हा

"उन्हाळी लागली असेल गं, दोन दिवस धने-जिऱ्याचं पाणी दे." लेकीला पहिल्यांदा शू करताना जळजळ झाली तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि मी दिलंही. दुसऱ्या रात्री अंगात १०३ ताप. तपासणी, अँटिबायोटिक, आठवड्यात पोरगी ठणठणीत. तीन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि मग पुन्हा. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी लघवीचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "शी कशी होते?" मी म्हटलं, रोज होते. त्यांनी तिला झोपवून बेंबीच्या खाली डावीकडे बोटं दाबली आणि माझा हात तिथे ठेवला. आत काहीतरी टणक, गाठोड्यासारखं लागत होतं. "रोज होते, पण पूर्ण होत नाही. हे आधी रिकामं करू, नाहीतर चौथ्यांदा भेटाल."

पुढचं सगळं त्या वाक्यातून आलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची मात्रा इथे कुठेच सांगणार नाही, ती मुलाचं वजन बघून तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण घरी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे मला तीन इन्फेक्शनं होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

जंतू येतो कुठून

थिओडोर एशेरिक नावाचे बालरोगतज्ज्ञ १८८५ साली म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यात सापडलेल्या एका जंतूला पुढे त्यांचंच नाव मिळालं : एशेरिकिया कोलाय, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचा 'ई. कोलाय'. लहान मुलींच्या मूत्राशयाला येणाऱ्या सुजेत हाच जंतू असतो, हेही त्यांनीच १८९४ मध्ये लिहिलं. मुलांच्या लघवीच्या इन्फेक्शनमागे साधारण ८० ते ९० टक्के वेळा हाच असतो. बाकी क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस वगैरे मंडळी. तीही बहुतेक आतड्यातलीच.

ई. कोलाय तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि एरवी गुपचूप राहतो. त्याच्या काही जातींच्या अंगावर मात्र केसांसारखे बारीक आकडे असतात. शीच्या जागेवरून त्वचेमार्गे तो शूच्या जागेपर्यंत पोचतो, वर मूत्राशयात चढतो आणि या आकड्यांनी तिथल्या अस्तराला चिकटून बसतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून त्यांना जास्त त्रास. पहिल्या काही महिन्यांत मात्र मुलग्यांचं प्रमाणही बरंच असतं.

बद्धकोष्ठता इथे दोन्ही बाजूंनी घात करते. मळ साचला की जंतूंचा साठा दाराशी तुंबतो. शिवाय गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असल्यामुळे भरलेलं गुदाशय मूत्राशयाला रेटतं, शू पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या आयोवात बद्धकोष्ठता असलेल्या २३४ मुलांचा एक अभ्यास झाला होता, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं पोट नीट साफ व्हायला लागलं त्यांच्यापैकी ८९ टक्के मुलांची दिवसा चड्डी ओली होणं थांबलं. ज्यांच्या मूत्रमार्गाच्या रचनेत दोष नव्हता अशा सगळ्यांची वारंवार होणारी इन्फेक्शनंही थांबली. हे वाचल्यावर मला तीन वेळा भरलेल्या लॅबच्या बिलांची आठवण झाली.

पायरी पहिली : ओळखायचं कसं

बोलता येणारं मूल सांगतं : जळजळ होते, सारखी लागते, ओटीपोट दुखतं. पूर्वी कोरडं राहणारं मूल अचानक चड्डी किंवा गादी ओली करायला लागलं तरी शंका घ्या. लघवीला वास येणं ही एकटी खूण फसवी असते, पाणी कमी प्यायलं तरी वास येतो.

खरी पंचाईत दोन वर्षांखालच्या बाळांची. त्यांना नुसता ताप येतो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरी ताप हटत नाही, तेव्हा "दात येत असतील" म्हणून सोडून देऊ नका, लघवी तपासायची का हे डॉक्टरांना आपणहून विचारा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरगुती काहीही न करता थेट हॉस्पिटल. मोठ्या मुलातही ताप आणि थंडी, कुशीत दुखणं, औषध पोटात न टिकण्याइतक्या उलट्या, मलूल पडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. ताप म्हणजे इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं, आणि उपचाराला दोन-तीन दिवसांहून उशीर झाला की मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहण्याचा धोका वाढतो. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला चांगलंच असतं, पण माझे दोन दिवस त्यात गेले.

पायरी दुसरी : नमुना नीट घ्या

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. नमुना चुकला की रिपोर्ट चुकतो, मग नको असलेलं अँटिबायोटिक पोटात जातं, आणि ते पुन्हा आतड्यातलाच समतोल बिघडवतं.

कल्चरचा (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचा) नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा. लॅबमधून निर्जंतुक डबी आणा, घरातली मधाची बाटली उकळून चालत नाही. शूची जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली थेट डबीत धरायची. मुलीला कमोडवर उलटं, म्हणजे टाकीकडे तोंड करून बसवलं की मांड्या आपोआप फाकतात आणि डबी धरणं सोपं जातं. डबीच्या आत बोट लावू नका.

तान्ह्या बाळाला चिकटवायची प्लास्टिकची पिशवी मिळते. सोयीची आहे, पण त्वचेवरचे आणि शीतले जंतू तिच्यात हमखास उतरतात. पिशवीतल्या लघवीच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही तर त्यावर विश्वास ठेवता येतो. वाढलं तर मात्र त्या एकट्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही, चांगल्या नमुन्यावर पुन्हा तपासावं लागतं. त्यापेक्षा ही युक्ती करून बघा : बाळाला पाजून झालं की लंगोट काढा, जागा स्वच्छ करा, आणि थंड पाण्यात भिजवलेल्या गॉजने ओटीपोटावर हलके गोल गोल चोळत राहा. दुसऱ्याने डबी तयार ठेवायची. मेलबर्नमध्ये १ ते १२ महिन्यांच्या ३५४ बाळांवर हे करून बघितलं होतं, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच मिनिटांत शू करणारी बाळं नुसती वाट बघण्यात १२ टक्के होती, चोळल्यावर ३१ टक्के. म्हणजे दर वेळी जमेलच असं नाही, पण पंखा बंद करून डबी घेऊन अर्धा तास उकिडवं बसण्यापेक्षा बरं. बाळ आजारी असेल तर डॉक्टर बारीक नळी घालून नमुना घेतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण काम मिनिटाभराचं असतं आणि उत्तर पक्कं मिळतं.

डबी तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे. उबेत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एका तासात एकाचे आठ. जमणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको), नेताना बर्फाच्या पिशवीसोबत न्या.

पायरी तिसरी : रिपोर्ट वाचताना

पट्टीच्या तपासणीत दोन ओळी महत्त्वाच्या. 'ल्युकोसाइट एस्टरेज' म्हणजे पांढऱ्या पेशींची खूण. 'नायट्राइट' पॉझिटिव्ह असेल तर जंतू असण्याची शक्यता दाट. पण लघवी मूत्राशयात काही तास साठली तरच नायट्राइट तयार होतं, त्यामुळे सारखी शू करणाऱ्या तान्ह्या बाळात ते निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. नीट धरलेल्या मधल्या धारेत एकाच जातीचे जंतू मिलिलिटरला एक लाखाच्या वर असले तर ते इन्फेक्शन धरतात. नळीने घेतलेल्या नमुन्यात ५० हजारही पुरतात. 'मिक्स्ड ग्रोथ' लिहून आलं आणि एपिथेलियल (त्वचेच्या, अस्तराच्या) पेशीही भरपूर दिसल्या, तर बहुधा नमुना खराब झालाय. खाली औषधांची यादी असते, प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. 'ईएसबीएल' असा शेरा असेल तर नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स चालणार नाहीत. हा शेरा आपल्याकडे आता दुर्मीळ राहिलेला नाही, म्हणून आधी औषध आणि मग कल्चर हा उलटा क्रम महागात पडतो.

आणखी एक. मूल खेळतंय, ताप नाही, जळजळ नाही, आणि कुणी सहज करून घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू निघाले, तर सहसा औषध देत नाहीत. बरं झाल्यावर 'खात्रीसाठी' पुन्हा कल्चर करायचीही साधारणपणे गरज नसते. त्या खात्रीपायीच मी एक जादा कोर्स लेकीच्या गळी उतरवलाय.

पायरी चौथी : अँटिबायोटिक, पूर्ण आणि गरजेपुरतंच

तापासह इन्फेक्शन असेल तर कोर्स सहसा ७ ते १० दिवसांचा. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि आपल्याला वाटतं, झालं! तिथे थांबू नका. ४८ ते ७२ तासांत ताप उतरलाच नाही, तर उलट तेव्हाच डॉक्टरांना कळवा.

अँटिबायोटिक आतड्यातल्या चांगल्या-वाईट सगळ्याच जंतूंवर चालतं. शेजारपाजार उठून गेला की उरलेल्या चिवट ई. कोलायला मोकळं रान मिळतं. म्हणून जे थांबवता येतं ते थांबवा : प्रत्येक सर्दीला मेडिकलमधून आणलेलं सिरप, फ्रिजमध्ये उरलेली मागची बाटली, "मागच्या वेळी हेच दिलं होतं" म्हणून स्वतःच सुरू केलेला कोर्स.

सोनोग्राफी बहुतेक वेळा सांगतात, ती करून घ्या. नळी घालून काढायचा एमसीयू (मूत्राशयाचा एक्स-रे) आणि मूत्रपिंडावरचे व्रण बघायचा डीएमएसए स्कॅन प्रत्येकाला लागत नाहीत. वय, सोनोग्राफी आणि किती वेळा इन्फेक्शन झालं यावर ते ठरतं.

पायरी पाचवी : आतडं रिकामं करा

खरं काम हे. आणि आपण सगळ्यात जास्त टाळतो तेही हेच, कारण "आमच्याकडे रोज होते".

आठवडाभर शी बघा. बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, किंवा गाठी गाठी जोडून झालेली जाड वळकटी, म्हणजे बद्धकोष्ठता, रोज होत असली तरी. कमोड तुंबवणारी अवाढव्य शी ही दुसरी खूण. सोफ्याच्या कोपऱ्यात पाय आवळून, लालबुंद होऊन उभं राहणारं मूल जोर करत नसतं, शी दाबून धरत असतं. आणि चड्डीला सारखे पातळ डाग लागत असतील तर त्याला जुलाब समजून औषध देऊ नका. आतल्या टणक गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, त्याचे ते डाग. या डागांवरून मी पोरीला रागावले आहे. ते अजून लागतं मनाला.

आत गोळा झाला असेल तर पेरू-पपईने तो निघत नाही. आधी औषधाने साफ करावं लागतं. सहसा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. सुरुवातीचे तीन ते सहा दिवस मात्रा मोठी असते, त्यामुळे शाळेला सुट्टी असताना करा. पहिले दोन दिवस काहीच होत नाही, मग धो धो होतं, आणि आजी म्हणते, बंद करा ते औषध! बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यापर्यंत जा.

त्यानंतर छोटी मात्रा रोज, किमान दोन महिने, आणि बऱ्याच मुलांत त्याहून पुष्कळ जास्त. ताणलेलं गुदाशय मूळ आकाराला यायला एवढा वेळ घेतं. "सवय लागेल" ही भीती घरोघरी असते, पण या औषधाने आतडं आळशी होत नाही. औषध लवकर सोडल्यामुळे परत फिरलेली मुलं मात्र डॉक्टरांच्या दारात भरपूर दिसतात. एरंडेल, साबणाची वडी, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ हे उपाय आता नकोत. दुखलं की मूल शी आणखी दाबून धरतं.

पायरी सहावी : बसायची वेळ, बसायची पद्धत

पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. याचा फायदा घ्या. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, शी लागलेली असो वा नसो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उत्तम, त्यात बसण्याची ढब मुळातच योग्य आहे. कमोड असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली पाट किंवा उलटी बादली ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. लहान मुलाला आतलं छोटं सीट लावा, नाहीतर पडायच्या भीतीने ते ओटीपोट आवळून बसतं. हातात मोबाइल नको, भिरभिरं द्या. ते फुंकताना पोटावर आपोआप जोर येतो.

शूचंही वेळापत्रक लागतं. दिवसात पाच ते सात वेळा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. मुलांच्या मूत्राशयात किती मावतं याचा ढोबळ हिशेब आहे : वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. सहा वर्षांच्या मुलीचे झाले २१० मिलिलिटर, एक मोठा कप. सकाळी सातला शाळेत गेलेली मुलगी दुपारी एकला घरी येईपर्यंत शू करत नसेल, तर काय होत असेल याचा विचार करा. लेकीला विचारलं तर म्हणाली, "तिथे वास येतो, आणि कडी लागत नाही." मी वर्गशिक्षिकांना डायरीत लिहून दिलं की छोट्या आणि मोठ्या सुट्टीत तिला पाठवा आणि मध्ये मागितलं तर नाही म्हणू नका. बाईंनी ऐकलं. कडी लागायला मात्र सहामाही उजाडली.

मुलींनी चड्डी घोट्यापर्यंत खाली करून, मांड्या फाकवून बसायचं. घाईत अर्धवट उकिडवं बसलं की धार आत अडते आणि मग थेंब थेंब गळत राहते. शू झाल्यावर एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायला लावा, उरलेली निघते.

पाण्याची बाटली भरलेलीच परत येते, हा सगळ्यांचा अनुभव. "पाणी पी" असं सांगून उपयोग होत नाही. बाटलीवर मार्करने रेघ मारा : मोठ्या सुट्टीपर्यंत इथवर.

खाणं, धुणं आणि दुकानातल्या पुड्या

चोथ्यासाठी वेगळं काही आणायला नको. ज्वारी-नाचणीची भाकरी, मोडाची उसळ, सालीसकट डाळ, पेरू, पपई, संत्रं, भिजवलेले मनुके किंवा अंजीर. मैद्याची बिस्किटं आणि टोस्ट कमी. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. जास्त दुधाने पोट भरतं आणि जेवणाची जागा जाते. चोथ्यावर आतड्यातले काही उपयोगी जंतू जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. ते आतड्याच्या अस्तराला पोसतं. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि न होणाऱ्या ३१ अमेरिकन स्त्रियांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. त्रास होणाऱ्यांच्या आतड्यात हे ब्युटिरेट बनवणारे जंतू कमी आढळले, ई. कोलाय मात्र दोन्ही गटांत होता. हे मोठ्या बायकांचं, मुलांना जसंच्या तसं लावू नये. पण भाकरी-उसळ खायला एवढं कारण मला पुरलं. तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध इन्फेक्शनपासून बऱ्यापैकी वाचवतं.

धुताना पाणी आणि हात पुढून मागे. जेट स्प्रे मागून पुढे मारला तर शी थेट शूच्या जागेवर जाते, म्हणून मुलीला स्वतः धुवायला शिकवताना तो हातात देऊ नका, मग्गा द्या. त्या जागी साबण, डेटॉल, पावडर काहीच नको. मुलग्यांची पुढची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका. काही ठिकाणी मालिश करणारी बाई अंघोळीच्या वेळी असं करते, तिला स्पष्ट सांगा. मागच्या जागी रात्री खाज येत असेल तर जंतांचं बघून घ्या.

प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दल : २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) लघवीचं इन्फेक्शन टाळायला त्यांचा ठोस फायदा दिसला नाही. दही-ताक आवडीने द्या, औषध म्हणून नको. क्रॅनबेरीचं जरा वेगळं आहे. २०२३ च्या आढाव्यात पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होणाऱ्या मुलांत तिने धोका कमी झाल्याचं दिसतं. पण तो उपाय टाळण्यासाठी, झालेलं इन्फेक्शन त्याने बरं होत नाही, आणि साखर घातलेला खोक्यातला रस म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. करवंदाला हल्ली 'भारतीय क्रॅनबेरी' म्हणून खपवतात. करवंदं मला प्रिय आहेत, पण ते झाड वेगळं.

तज्ज्ञाकडे कधी

मुलग्याची धार बारीक किंवा थेंब थेंब, कंबरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, सोनोग्राफीत मूत्रपिंडाला सूज, वाढलेला रक्तदाब, किंवा तापासह दुसरं इन्फेक्शन, यातलं काहीही असेल तर मुलांच्या मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांना दाखवा. तिथे 'रिफ्लक्स' हा शब्द ऐकाल. म्हणजे मूत्राशयातून लघवी उलटी वर चढते. अशा मुलांना कधी कधी महिनोन्महिने रोज अँटिबायोटिकचा छोटा डोस देतात. रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांवरच्या अमेरिकन चाचणीत (२०१४) अशा डोसाने इन्फेक्शनं निम्म्यावर आली, मूत्रपिंडावरचे व्रण मात्र कमी झाले नाहीत, आणि जी इन्फेक्शनं झाली त्यांतले जंतू त्या औषधाला जास्त निर्ढावलेले निघाले. म्हणून "पोट साफ होतंय का" हा प्रश्न तिथेही विचारून घ्या.

भेटीला जाताना एक कागद न्या. आमच्या फ्रिजवर कालनिर्णयशेजारी तो लावलेला असतो. शी झाली की टिकली, कडक असेल तर लाल, मऊ असेल तर हिरवी. लेक स्वतः लावते. सलग महिनाभर सगळ्या हिरव्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी पावडर थोडी कमी केली. दिवाळीच्या फराळानंतर तीन लाल लागल्या, मात्रा पुन्हा वर. मग मार्चमध्ये कमी. आता एक दिवसाआड चालू आहे, आणि लाल टिकल्यांचं पाकीट अजून अर्धं शिल्लक आहे.